कानाची विद्या

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक वाद झाला व त्यांत आम्ही हरलों. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांवर तांबडी शाई फिरविणाऱ्यानें आपली चूकही चारचौघांत सांगावी, हें न्यायाचेंच आहे. म्हणून या महिन्याचें हें टिपण.

आमच्या पुतण्याची कन्या यंदा पदवीधर होईल. पुढें काय, असें तिच्या आजोबांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं विचारतांच ती शांतपणें म्हणाली, "मला ध्वनिमुद्रण शिकायचं आहे." दादा हंसले. "त्यांत शिकायचं काय? बटण दाबलं कीं झालं! माझ्या मोबाइलांतसुद्धां होतं तें." आम्हीही मान डोलाविली. वेद, व्याकरण, वैद्यक, निदान हिशेबनिशी, यांस विद्या म्हणावें. बटण दाबण्यास विद्या कसें म्हणावें?

मुलीनें वाद घातला नाहीं. तिनें आम्हांसच विचारलें, "धाकटे आजोबा, पणजीच्या ओव्या तुम्ही रेकॉर्ड केल्या होत्या ना? लावा बघूं."

२०१९ सालीं श्रावणांत आमच्या मातोश्रींच्या तोंडून दळणाच्या ओव्या व दोन कहाण्या आम्हीं मोबाइलवर उतरवून घेतल्या होत्या. त्या वेळीं त्यांस एक्याण्णवावें वर्ष चालू होतें. पुढें दोन वर्षांनीं त्या गेल्या. जपून ठेवलें आहे, या समाधानांत तें मुद्रण आम्हीं पुन्हा ऐकलेंच नव्हतें. त्या संध्याकाळीं सर्व मंडळी माजघरांत बसली व तें लावलें.

प्रथम ऐकूं आला तो पंखा. मग झोपाळ्याच्या कड्यांची करकर. मध्येंच कुकरची शिटी. या सर्वांपलीकडे, जणुं शेजारच्या घरांत कोणी म्हणत असावें, तसा आईचा स्वर. आणि त्यावर, अगदीं जवळ, खणखणीत, आमचा स्वर: "वाहवा!", "आई, जरा मोठ्यानें!", आणि एका ओवीच्या ऐन शेवटीं, "याचा अर्थ असा बरें कां..." आईनें ती ओवी पुरी म्हटली होती. ती आतां कोणासही ऐकूं येणार नाहीं. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. आम्हांस मान वर करवेना.

"हें नीट करतां येईल कां?" आम्हीं विचारलें. तिचें उत्तर शिक्षकास शोभेल असें होतें. पंख्याची घरघर एकसारखी आहे, म्हणून ती पुष्कळशी कमी करतां येईल. शिटीपुरतें जें झांकलें गेलें तें गेलें. दोन माणसांचे आवाज एकमेकांवर चढले कीं ते सुटे करणें फार कठीण. आजचीं नवीं साधनें प्रयत्न करतात, परंतु कांहीं अक्षरें तुटकींच हातीं येतात. "म्हणून मुळांतच नीट घ्यावं लागतं," ती म्हणाली, "आणि तेंच शिकायचं आहे."

तेव्हांपासून आम्हीं या विषयाचें थोडें वाचन केलें. शब्द कानापर्यंत कसा पोंचतो, हें सांगतांना आपल्या नैयायिकांनीं वीचीतरंगन्याय योजिला आहे. पाण्यांत लाट पुढच्या लाटेस जन्म देते, तसा शब्द शब्दास. आधुनिक पदार्थविज्ञानही हवेच्या दाबाच्या लहरीच मानतें. त्या लहरींनीं मायक्रोफोनांतील पातळ पडदा हालतो; त्या हालण्याचे विजेचे चढउतार होतात; व आजचें यंत्र त्या चढउतारांचें माप घेऊन आंकड्यांत लिहून ठेवतें. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक वेळां व्हावी लागते. म्हणून गाण्याच्या सीडींत ती सेकंदास ४४,१०० वेळां व चित्रपटाच्या कामांत बहुधा ४८,००० वेळां करतात.

येथवर यंत्राचें काम. मग मनुष्यानें काय करावयाचें? पहिलें म्हणजे, जागा ऐकावयाची. आपला कान मनाच्या आज्ञेंत असतो. ओवी ऐकावयाची ठरविली कीं पंखा ऐकूं येईनासा होतो. मायक्रोफोनास मन नाहीं, तो सर्व कांहीं सारख्याच निष्ठेनें ऐकतो. म्हणून ध्वनिमुद्रक आधीं कानास फोन लावून, मन बाजूस सारून, ती जागा ऐकतो. दुसरें म्हणजे अंतर. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता चतुर्थांश होते, चौपट झालें कीं सोळावा अंश. आमचा मोबाइल आमच्या हाताशीं व आई चार हातांवर, झोपाळ्यावर; सर्व अनर्थाचें मूळ या एका वाक्यांत आहे. तिसरें म्हणजे मात्रा. आवाज फार हळू घेतला तर तो यंत्राच्या स्वतःच्या सुरसुरींत बुडतो; फार चढवून घेतला तर लहरींचे माथे छाटले जातात व तो फाटतो, आणि फाटलेला आवाज सहसा पूर्ववत् होत नाहीं.

चित्रपटाच्या कामांत याहून अवघड प्रकार असतो. लांब काठीच्या टोकास मायक्रोफोन बांधून एक मनुष्य तो नटांच्या डोक्यावर, चौकटीच्या अगदीं बाहेर धरतो. त्याची सावलीही चित्रांत पडतां कामा नये. दोन पात्रें बोलत असलीं तर दुसऱ्यानें तोंड उघडण्यापूर्वींच मायक्रोफोन तिकडे वळावा लागतो. म्हणजे नटांचीं भाषणें यासही पाठ हवींत. आरंभीं पाटीवर जी फळी आपटतात, ती केवळ गंमत नव्हे. फळ्या मिटल्याचें चित्र व त्यांचा 'टक्' हे दोन्ही जुळविले, कीं पुढील सर्व ओठ व शब्द जुळतात. शेवटीं सर्व मंडळींस स्तब्ध उभें करून त्या जागेच्या शांततेचेंही मुद्रण करतात, कारण प्रत्येक जागेची शांतता निराळी असते व पुढें सांधे जोडण्यास तीच लागते.

शिक्षाग्रंथांत अधम पाठकाचीं सहा लक्षणें सांगितलीं आहेत. घाईनें म्हणणारा, मान हलविणारा व क्षीण कंठाचा, हे तिघे त्यांतलेच. मायक्रोफोनापुढेंही नेमके हेच तिघे नापास होतात, हें पाहून आम्हांस मौज वाटली. ज्या लोकांनीं शेंकडों वर्षें केवळ कानाच्या बळावर वेद जतन केले, त्यांच्या वंशजांनीं कानाच्या विद्येस हंसावें, हें विपरीत नव्हे काय?

हिचा इतिहासही लहान नाहीं. एडिसनानें फोनोग्राफ १८७७ सालीं केला. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हां कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे; विजेच्या मायक्रोफोनानें तबकड्या निघूं लागल्या त्या १९२५ पासून. १९३१ च्या मार्चमध्यें मुंबईस 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून त्याचें बरेंचसें चित्रण रात्रीं करावें लागलें. पुढल्याच वर्षीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. पुण्यांत ज्या जागेंत प्रभातचा स्टुडिओ होता, तेथेंच १९६० सालीं सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था निघाली, व ध्वनिमुद्रण हा तिच्या मुख्य विषयांपैकीं एक आहे. तेथीलच एक विद्यार्थी रसूल पूकुट्टी यांस २००९ सालीं दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळालें, तें ध्वनिमिश्रणासाठींच.

पालकांस दुसरी बाजूही सांगणें आमचें कर्तव्य आहे. या धंद्यांत बांधील पगार थोड्यांस मिळतो. पुष्कळांचें काम एका चित्रामागून दुसरें, असें तुटकतुटक असतें. दिवस लांब असतात. नांव पडद्यावर येतें, पण तेव्हां प्रेक्षक उठून चाललेले असतात. काम उत्तम झालें तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. बिघडलें तर मात्र सर्वांस कळतें. आणि विमानाची घरघर आली तर शंभर माणसांसमोर "पुन्हा घ्यावें लागेल" असें सांगण्याचें धैर्य लागतें. हें सर्व जाणून जो जाईल, त्यास अडवूं नये, असें आमचें मत झालें आहे.

ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत, त्यांनीं तर आजच पुढील गोष्टी कराव्या. लहान, सामान भरलेली खोली निवडावी. गादी, पडदे, कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. पंखा व फ्रिज थोडा वेळ बंद ठेवावा. मोबाइल विमान-स्थितींत ठेवून बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या पंचावर, तोंडासमोरून किंचित् बाजूस ठेवावा. आरंभीं तारीख, गांव व बोलणाराचें नांव म्हणावें. प्रथम अर्धा मिनिट घेऊन ऐकून पाहावें. दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या. आणि सर्वांत महत्त्वाचें, विचारणारानें प्रश्न विचारून गप्प बसावें.

माघांत मुलगी पुन्हा घरीं आली, तेव्हां आमच्या आत्याबाईंस तिनें बोलतें केलें. त्या सत्याऐंशी वर्षांच्या आहेत व आईबरोबर एकाच जात्यावर दळलेल्या आहेत. पंखा बंद करावयास दादा स्वतः उठले. आम्हांस दाराजवळ पाटावर बसविलें होतें. आत्याबाई म्हणूं लागल्या, आणि पांचव्या-सहाव्या ओवीस आम्ही दचकलों. आमच्या 'अर्था'खालीं दडपली गेलेली ती हीच ओवी. शेवटच्या चरणाचा अर्थ आम्हीं त्या दिवशीं चुकीचा सांगितला होता, हेंही तेव्हांच कळलें. तोंडापर्यंत आलेला शब्द आम्हीं गिळला, व त्या थांबेपर्यंत तसेच बसून राहिलों.