दाराआडची शिकवणी

घरातील तरुण मुलगा काही शिकतो आहे, असे कळले की कुटुंबाला समाधान वाटते. तो रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसला असेल, तर घरचे आवाज न करता दार लोटून घेतात. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या भागांत हे दृश्य नवे नाही. येरवडा, कल्याणीनगर आणि खराडी येथील कंपन्यांत परदेशी वेळेनुसार काम करणारे अनेक जण या परिसरात राहतात. रात्रीचा संगणक त्यांच्या नोकरीचाच भाग असतो. त्यामुळे दाराआड कचेरीचे काम चालले आहे की पैसे लावून पत्त्यांचा डाव, हे बाहेरून कळत नाही. त्यात आता ऑनलाइन पोकरच्या शिकवणीची भर पडली आहे. ‘शिकतो आहे’ हे उत्तर अशा वेळी खरे असते, पण पुरेसे नसते.

या शिकवणीचे स्वरूप साधे आहे. शिकणारा स्क्रीन शेअरिंगच्या साहाय्याने आपल्या संगणकाचा पडदा दूरच्या प्रशिक्षकाला दाखवतो. हातातील पाने, टेबलावर उघडलेली पाने आणि लावलेली रक्कम प्रशिक्षकाला दिसते. केव्हा रक्कम वाढवावी आणि केव्हा पाने टाकून द्यावीत, हे तो समजावतो. याच्या दोन पद्धती आहेत. एकीत संपलेल्या डावांच्या नोंदी उघडून चर्चा होते; बुद्धिबळपटू आपले जुने डाव तपासतो, तशीच ही रीत. दुसरीत डाव चालू असतानाच प्रशिक्षक कानात सांगत राहतो. अशी मदत समोरच्या खेळाडूंची फसवणूक ठरते आणि पोकरची प्रमुख संकेतस्थळे ती नियमबाह्य मानतात.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. संभाव्यतेचे गणित, प्रतिस्पर्ध्याच्या खेळीचा अंदाज आणि संयम या गोष्टी शिकता येतात. परंतु या कौशल्याचे फळ हजारो डावांच्या सरासरीत दिसते, एका रात्रीत नाही. हाती दोन एक्के असलेला खेळाडू दोन राजे धरून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून पाचांपैकी साधारण एका डावात हरतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. उलट चुकीची खेळी करूनही पुष्कळदा पैसे मिळतात. म्हणून ‘माझा खेळ सुधारतो आहे’ हा समज पारखणे शिकणाऱ्याला फार कठीण जाते. हरलेली रक्कम शिकण्याची फी वाटू लागते, आणि प्रशिक्षकाची फी तर वेगळीच द्यावी लागते.

आरोग्याचा प्रश्न येथे सुरू होतो. केव्हा मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस ठरावीक बक्षिसापेक्षा सवय अधिक चिवट करते, हे वर्तनाच्या अभ्यासकांचे जुने निरीक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत जुगाराचा विकार व्यसनी वर्तनाच्या विकारांत गणला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. मात्र तुटलेली झोप, चिडचिड, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा बसणे, उसनवारी आणि त्याविषयीची लपवाछपवी या खुणा घरच्यांना आधी दिसू शकतात. शिकवणीच्या आवरणाखाली नेमक्या याच खुणा झाकल्या जातात. जागरणाला अभ्यासाचे नाव मिळते आणि खर्चाला गुंतवणुकीचे.

दुसरा धोका पडद्याचाच आहे. संपूर्ण पडदा दाखवला, तर बँकेचा संदेश, ओटीपी, घरच्यांचे निरोप हे सारे अनोळखी माणसाच्या नजरेस पडू शकते. त्याहून गंभीर बाब म्हणजे दूरनियंत्रणाची ॲप. पडदा दाखवणे वेगळे आणि संगणकाचा किंवा मोबाइलचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणे वेगळे. एनीडेस्कसारख्या ॲपच्या साहाय्याने भामटे लोकांच्या खात्यांतून पैसे काढतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दिला होता. कोणत्याही शिकवणीला असा ताबा देण्याची गरज नसते.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निव्वळ खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे ‘पोलीस धरून नेतील’ असा धाक घालून मुलाला गप्प करू नये. पण परदेशी संकेतस्थळावर अडकलेल्या पैशांसाठी दाद मागणे जवळजवळ अशक्य असते, हे त्याला अवश्य सांगावे.

मग घरच्यांनी करावे काय? प्रथम, हा खेळ आपल्याला समजावून सांगण्याची विनंती करावी आणि शेजारी बसून पाहावे. जो पडदा परक्या प्रशिक्षकाला तासभर दाखवता येतो, तो घरातील विश्वासाच्या माणसालाही दाखवता यायला हवा. शिकण्याची हौस खरी असेल, तर ती पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या डावांवर आणि जुन्या नोंदींवर भागते. पडदा दाखवताना केवळ आवश्यक तेवढीच खिडकी दाखवावी, सूचना बंद ठेवाव्यात आणि बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करू नयेत. शिकवणी झोपेच्या किमान तासभर आधी संपावी. फी आणि डावांत गेलेला प्रत्येक रुपया त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहावा. महिन्याची बेरीज पुष्कळदा उपदेशापेक्षा अधिक बोलते.

पडदा दाखवण्यास किंवा हिशेब लिहिण्यास तो ठाम नकार देत असेल, तर भांडण न वाढवता मदत घ्यावी. टेली मानसची १४४१६ ही शासकीय सेवा चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम हातची जाते. विश्रांतवाडीकरांना तर फार दूर जावे लागत नाही. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र जवळच, आळंदी रस्त्यालगत मोहनवाडीत आहे. व्यसन एकाला जडले तरी त्याची झळ सगळ्या घराला लागते. म्हणून मुलगा अजून यायला तयार नसला, तरी आईवडिलांनी समुपदेशकांची पहिली भेट स्वतः घ्यावी. ती भेट त्याची तक्रार करण्यासाठी नसून, त्याच्याशी कसे बोलावे हे शिकण्यासाठी आहे.