मैफलीचे दान आणि राज्याचे देणे

आयर्लंडच्या गावोगावी पारंपरिक संगीताची मैफल एखाद्या सत्कार्याच्या मदतीसाठी भरविली जाणे ही नित्याची गोष्ट आहे. चर्चच्या आवारातील सभागृह किंवा शाळेचे मोठे दालन, व्यासपीठावर दोन-तीन फिडल, एखादी लाकडी बासरी, कॉन्सर्टिना, बोरॉन नावाचा चामडी डफ आणि कोपराखाली भाता दाबून वाजविला जाणारा इलन पाइप, दाराशी तिकिटांची पेटी, मध्यंतरात सोडत आणि चहा असा तिचा एकंदर थाट असतो. अलीकडच्या काळात अशा मैफली स्वमग्न, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे अशा, मुलांच्या साहाय्यार्थ होत असतात. वादक मानधन घेत नाहीत, श्रोते आनंदाने पैसे देतात आणि जमा झालेली रक्कम एखाद्या पालक-संघटनेच्या किंवा विशेष शाळेच्या हाती पडते. यात कोणी दोष काढावा असे वरवर पाहता काहीच नाही.

तथापि एका प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. जी जबाबदारी राज्यघटनेने आणि कायद्याने शासनावर टाकली आहे, ती पार पाडण्यासाठी गावकऱ्यांना तिकिटे का विकावी लागावीत? वादकांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्या औदार्याच्या आडोशाला कोण उभे राहते याविषयी.

परंपरा परस्परसाहाय्याची

आयरिश समाजात मदतीची मैफल ही आधुनिक प्रसिद्धितंत्राची निर्मिती नव्हे. आपल्याकडील इर्जिकेशी जिचे जवळचे नाते लागते अशी ‘मेहल’ ही प्रथा तिथल्या शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कापणीच्या किंवा इंधनासाठी पीट कापण्याच्या वेळी शेजारीपाजारी एकत्र येत, एकाचे काम उरकून दुसऱ्याच्या शेतावर जात, आणि दिवस सरल्यावर स्वयंपाकघरातच वाद्ये निघत. २६ डिसेंबरला वेषांतर करून, वाद्ये वाजवीत घरोघर पैसे गोळा करणाऱ्या ‘रेन’च्या टोळ्या हाही याच परंपरेचा भाग होय. पूर्वी या पैशातून नाचगाण्याची रात्र साजरी होई. आज अनेक ठिकाणी तो धर्मादाय कार्याला जातो.

१९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने नृत्याच्या कार्यक्रमांना परवाना सक्तीचा केला आणि घराघरांतील नाच-संगीताच्या बैठकींना उतरती कळा लागली. नृत्य पॅरिशच्या सभागृहात गेले आणि तिकिटाचा व्यवहारही त्याच्या मागोमाग गेला. पुढे १९५१ साली मलिंगार येथे ‘कोल्तस क्योल्तोरी एरन’ ही संगीतकारांची संघटना उभी राहिली, त्याच वर्षी वार्षिक संगीतमहोत्सवाचा प्रारंभ झाला, आणि खेड्यापाड्यांतील हे संगीत पुन्हा सन्मानाने ऐकले जाऊ लागले. २०१७ साली युनेस्कोने इलन पाइपवादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. सारांश, ज्या सभागृहात आज स्वमग्न मुलांसाठी जिग आणि रील वाजतात, त्या सभागृहाला पैसा आणि संगीत यांच्या संगतीची जुनी सवय आहे. मराठी माणसालाही हे परके वाटू नये. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग आपल्या रंगभूमीच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे.

परंतु परस्परसाहाय्याचे एक अर्थशास्त्र असते. मेहल टिकून राहिली, कारण तिच्यात परतफेड होती. आज ज्याच्या शेतावर चार माणसे राबली, तो उद्या चौघांच्या शेतावर राबत असे. संकट सर्वांवर पाळीपाळीने येणारे आणि थोड्या मुदतीचे असावे, हे अशा व्यवस्थेचे गृहीतक असते. स्वमग्नता या गृहीतकात बसत नाही. ती ऋतूबरोबर सरत नाही, जन्मभर सोबत राहते. तिचा आर्थिक भार थोड्या कुटुंबांवर पडतो आणि त्या कुटुंबांना परतफेड करण्याइतका वेळ वा पैसा क्वचितच उरतो. अशा ठिकाणी परस्परसाहाय्याचे रूपांतर नकळत एकतर्फी दानात होते, आणि घेणाऱ्याला दर वर्षी नव्याने कृतज्ञ व्हावे लागते. ज्या जोखमीचे वाटप गावाच्या पातळीवर होऊ शकत नाही, तिचे वाटप साऱ्या समाजात करण्यासाठीच तर करव्यवस्था असते.

कायद्याचे वचन

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेतील बेचाळिसाव्या कलमान्वये मोफत प्राथमिक शिक्षणाची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. तीव्र अपंगत्व असलेली मुलेही यात मोडतात, हे उच्च न्यायालयाला १९९३ साली ओडोनाहू खटल्यात सांगावे लागले. त्यानंतर आला तो गाजलेला सिनॉट खटला. एका स्वमग्न तरुणाच्या आईने, मुलाला योग्य शिक्षण मिळाले नाही म्हणून, शासनाला न्यायालयात खेचले. २००० साली उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. शासन अपिलात गेले आणि जुलै २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हे घटनात्मक कर्तव्य वयाच्या अठराव्या वर्षी संपते. तो तरुण तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

या निकालानंतर उसळलेल्या लोकमताच्या पार्श्वभूमीवर दोन कायदे झाले. २००४ च्या विशेष शिक्षणविषयक कायद्याने प्रत्येक गरजू मुलासाठी स्वतंत्र शिक्षण-योजनेचे आश्वासन दिले. त्या योजनेविषयीची कलमे पुढील वीस वर्षांतही अमलात आली नाहीत. २००५ च्या अपंगत्वविषयक कायद्याने गरजांच्या मूल्यमापनाचा हक्क दिला. अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत मूल्यमापनास प्रारंभ व्हावा आणि त्यापुढील तीन महिन्यांत ते पूर्ण व्हावे, अशी मुदतही घातली. पण यातील मेख लक्षात घेतली पाहिजे. मूल्यमापन हा हक्क आहे; त्यातून ज्या उपचारांची गरज निष्पन्न होईल ते उपचार मात्र उपलब्ध साधनांवर अवलंबून. दुखणे कोणते हे सांगण्यास शासन बांधलेले, औषध देण्यास नव्हे, असा हा प्रकार झाला.

आणि पहिले वचनही पाळले गेले नाही. प्रतीक्षायादी आटोक्यात आणण्यासाठी २०२० पासून मूल्यमापनाऐवजी एक संक्षिप्त प्राथमिक तपासणी सुरू करण्यात आली. ती कायद्याची पूर्तता करीत नाही, असे उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये ठरविले. २०२५ साली मुदत उलटून गेलेल्या अर्जांची संख्या पंधरा हजारांवर गेली होती. ज्या पालकांची ऐपत आहे ते हजार युरो वा त्याहून अधिक मोजून खाजगी तपासणी करून घेतात. ज्यांची नाही, ते थांबतात. लहान मुलाच्या बाबतीत दोन वर्षे थांबणे म्हणजे काय, हे शिक्षकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. वाचा आणि सामाजिक व्यवहार यांचा पाया ज्या वर्षांत घातला जातो, ती वर्षे प्रतीक्षायादीत गेली तर ती परत मिळत नाहीत.

हे सारे दरिद्री देशात घडले असते तर निदान समजण्यासारखे होते. पण सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे अॅपल कंपनीकडून सुमारे तेरा अब्ज युरोंचा थकीत कर आणि त्यावरील व्याज ज्याच्या पदरात पडले, तो हाच देश. तेव्हा अडचण तिजोरीची नाही. वाक्-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ पुरेशा संख्येने घडविणे, त्यांना शासकीय सेवेत टिकविणे आणि रिकामी पदे भरणे, ही कंटाळवाणी व चिकाटीची कामे वर्षानुवर्षे मागे पडली.

सहा हजार युरोंचा हिशेब

आता मैफलीचा हिशेब मांडून पाहू. समजा, तीनशे श्रोते आले आणि प्रत्येकाने वीस युरो दिले. सहा हजार युरो जमले. सभागृह, ध्वनियंत्रणा, छपाई वजा जाता पाच हजार उरले असे धरू. एका वाक्-उपचारतज्ज्ञाचा वार्षिक पगार पन्नास हजारांच्या आसपास धरला तर या रकमेतून त्याचा जेमतेम महिन्याभराचा खर्च निघतो. गावाने आपली सारी पुण्याई एका रात्रीत पणाला लावली, आणि हाती आला तो एक महिना. उरलेल्या अकरा महिन्यांसाठी आणखी अकरा मैफली कोण भरविणार?

रकमेच्या अपुरेपणाहून अधिक गंभीर असे तीन दोष या मार्गात आहेत. पहिला अनियमिततेचा. उपचाराला दरमहा पैसा लागतो आणि देणगी मात्र लहरीने येते. दुसरा विषमतेचा. ज्या गावात नामवंत वादक आहेत, संघटित पालक आहेत, तिथे पैसा जमतो. ज्या वस्तीत दोन्ही नाहीत, तिथल्या मुलाची गरज कमी असते असे थोडेच आहे? तिसरा दोष निवडीचा. देणगीदाराचे मन लहान मुलाच्या चेहऱ्याने द्रवते. तेच मूल तीस वर्षांचे झाल्यावर त्याच्यासाठी तिकिटे विकणे कठीण जाते. सिनॉट खटल्यात न्यायालयाने अठरा वर्षांची रेषा आखली; दानशूरतेचा बाजार तीच रेषा न बोलता आखतो.

या वादाची चर्चा आयर्लंडमध्ये पूर्वीही झाली आहे. १७ मे १९८६ रोजी डब्लिनमध्ये ‘सेल्फ एड’ नावाची भव्य मैफल भरली. आदल्या वर्षीच्या ‘लाइव्ह एड’ची स्फूर्ती तिच्यामागे होती. सुमारे चौदा तास चाललेल्या त्या कार्यक्रमात देशातील बेकारांसाठी पैसा आणि नोकऱ्यांची आश्वासने गोळा करण्यात आली. बेकारीचे प्रमाण तेव्हा शेकडा सतराच्या आसपास होते. बेकारी हा आर्थिक धोरणाचा प्रश्न असता तो नागरिकांच्या सदिच्छेचा ठरविला जात आहे, अशी टीका त्याच वेळी झाली. पुढे आयर्लंडमधील बेकारी हटली ती उद्योग, शिक्षण आणि परकीय गुंतवणूक यांमुळे, मैफलीमुळे नव्हे.

मैफलीचे खरे मोल

तर मग या मैफली बंद कराव्यात काय? मुळीच नाही. त्यांचे मोल तिकिटांच्या पेटीत शोधले तर ते अल्प दिसते. ते अन्यत्र आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचे वर्णन केल्यानंतर कित्येक वर्षे आईच्या थंडपणावर तिचा दोष ठेवण्यात आला. शास्त्राने ही कल्पना केव्हाच निकालात काढली असली, तरी तिने कुटुंबांना जे एकाकीपण दिले ते एकाएकी गेले नाही. आयर्लंडमध्ये १९६३ साली स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवरील संस्था निघाली ती अशा वातावरणात. आपल्या मुलासाठी गाव एकत्र आले आहे, हे पाहणाऱ्या आईबापांना जे मिळते त्याचा हिशेब युरोंत होत नाही. शिवाय अशा रात्री पालक एकमेकांना भेटतात, अनुभवांची देवाणघेवाण होते आणि एकेकट्या तक्रारीची सामुदायिक मागणी बनते.

मात्र इथेही एक विसंगती उरतेच. ज्यांच्यासाठी मैफल, ती मुले बहुधा तिथे नसतात. अनेक स्वमग्न मुलांना मोठा आवाज, अनपेक्षित टाळ्या, झगझगीत दिवे आणि गर्दी सहन होत नाही. आवाज मर्यादित ठेवणे, दिवे मंद करणे, मुलाला उठून फिरण्याची, बाहेर जाऊन परत येण्याची मोकळीक देणे, कार्यक्रमाचा क्रम आधी समजावणे, या गोष्टींना खर्च फारसा येत नाही. अशा ‘निवांत’ प्रयोगांची प्रथा रंगभूमीवर रूढ होत आहे. पारंपरिक आयरिश संगीत तर त्याला विशेष अनुकूल आहे. त्याच्या धुना आठ-आठ मात्राखंडांच्या, प्रत्येक भाग दोनदा येणाऱ्या, पुन्हा पुन्हा फिरून वाजणाऱ्या. पुढे काय येणार हे ज्यात आधी कळते, अशी रचना अनिश्चिततेने अस्वस्थ होणाऱ्या मुलाला जवळची वाटण्याचा संभव असतो. आणि या संगीताचे मूळ रूप व्यासपीठावरचे नाहीच. वर्तुळात बसून वाजविण्याच्या बैठकीत नवशिक्या कडेला बसतो, ऐकतो, जमेल तेव्हा सूर मिसळतो. घाई करणे तिथे शिष्टसंमत नाही. स्वमग्न मुलाला समाजात जी जागा हवी असते, ती याहून फारशी वेगळी नाही.

तेव्हा मर्यादा स्पष्ट आखली पाहिजे. तपासणी, उपचार आणि शाळेतील जागा या कायद्याने देय असलेल्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा पैसा सार्वजनिक तिजोरीतूनच आला पाहिजे. सहली, वाद्ये, पालकांना चार दिवसांची विश्रांती, भावंडांसाठी एखादा मेळावा अशा गोष्टींना मैफलीच्या उत्पन्नाने हातभार लावावा. म्हणजे दान शासनाच्या कर्तव्याची जागा घेणार नाही. आयोजकांनी आणखी एक करावे. किती पैसे जमले हे व्यासपीठावरून सांगताना, त्या जिल्ह्यात किती मुले मुदत उलटूनही मूल्यमापनाच्या प्रतीक्षेत आहेत, तोही आकडा सांगावा, आणि मतदारसंघाचा लोकप्रतिनिधी त्या वेळी पहिल्या रांगेत बसलेला असेल असे पाहावे. पहिल्या आकड्यासाठी गावाला धन्यवाद द्यावेत. दुसऱ्या आकड्याचा जाब त्या लोकप्रतिनिधीला विचारावा.