व्हीपीएन घ्यावे की घेऊ नये?

ऑनलाइन खेळ ऐन रंगात येतो, पडद्यावरील गडी जागच्या जागी थिजतो आणि डाव हातचा जातो, ही तक्रार आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतो. मग कोणी सोबती सांगतो, "व्हीपीएन घे, म्हणजे अडखळणे थांबेल." हा सल्ला कितपत खरा, ह्याचा विचार मुलांनी व पालकांनी मिळून करावा, असे आम्हांस वाटते.

आपला संदेश गुप्त लिपीत बांधून प्रथम एका मध्यस्थ सर्व्हरकडे धाडावयाचा व तेथून तो खेळाच्या सर्व्हरकडे जावयाचा, अशी ही योजना होय. अर्थात वाटेत एक मुक्काम वाढला. काचतंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३९०० किलोमीटर. तेव्हा मार्ग अगदी सरळ असला तरी जाण्यायेण्यास सुमारे ४० मिलिसेकंद लागणारच. हा काळ कोणत्याही व्हीपीएनला कमी करता येत नाही.

मग कित्येकांस गुण येतो तो का? संदेश कधी कधी लांबच्या वळणाने नेला जातो. समुद्रतळाची केबल तुटली म्हणजे असे विशेष घडते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबली तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले होते. अशा वेळी मध्यस्थाचा मार्ग जवळचा निघाला, तर लाभ होतो. परंतु घरातील वायफाय दोन भिंतींआड क्षीण होत असेल, किंवा त्याच वेळी शेजारच्या खोलीत चित्रपट चालू असेल, तर दोष पहिल्याच पावलावर आहे, आणि व्हीपीएनलाही तेच पाऊल टाकावे लागते. म्हणून प्रथम राउटरजवळ बसून पाहावे. संगणक असल्यास तो तारेने जोडावा. व्हीपीएनसह व त्यावाचून पिंग किती येतो, हे चार दिवस वहीत टिपावे. मग सोबत्याच्या सल्ल्याची परीक्षा आपोआप होईल.

फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनविषयी आम्ही विशेष सावध करू इच्छितो. आपला सर्व व्यवहार ज्याच्या हातून जातो, त्याच्या सचोटीवर सारे अवलंबून असते. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ओनाव्हो हे फुकट व्हीपीएन माहिती सुरक्षित राखण्याची ग्वाही देई; परंतु लोक कोणती ॲप्स किती वापरतात, हे ते कंपनीस कळवीत असे. त्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीच्या दोन शाखांस मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा ती चुकविण्यास कित्येकांनी हेच साधन वापरले. मंद इंटरनेटचे निमित्त सांगून घरचे किंवा सरकारचे नियम चुकवावयाचे असतील, तर तो प्रश्न पिंगचा नसून सचोटीचा आहे.

पालकांसही आमची विनंती आहे. मुलाने व्हीपीएनचे नाव काढताच रागावू नये. त्याची ती वही मागून घ्यावी आणि त्याच्याजवळ बसून वाचावी. ज्या घरी असे विचारता येते, त्या घरच्या मुलास चोरून काही घ्यावे लागत नाही.