सरळ काडतूस, लांबचं हरीण

दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेतला नातू घरी यावा, आजोबांच्या खोलीतलं जुनं लाकडी कपाट उघडावं आणि आतून फराळाच्या डब्याऐवजी निघावी तेलकट फडक्यात गुंडाळलेली तीनशे पंधराची रायफल! रायपूरसारख्या शहरातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात हा प्रसंग अगदीच अशक्य नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसं छत्तीसगडात आली, नोकरी-वकिली-शेतीत रुजली. जंगल दाराशी होतं. ज्या घरात शेतीवाडी, त्या घरात बंदुकीचा परवाना असणं ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती.

अशाच एका घरातला हा संवाद समजा. नातू ओहायोत स्थायिक. तिकडचे मित्र हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात आणि यंदा त्यालाही बोलावणं आलंय. तो विचारतो, ''आजोबा, तिकडे सरळ भिंतीचंच काडतूस लागतं. दुकानदारानं चार-पाच नावं सांगितली. दोनशे यार्डांवरचं हरीण पडायला हवं. कुठलं घेऊ?''

ऐंशी ओलांडलेले आजोबा रायफलवरून हात फिरवत म्हणतात, ''अरे, काडतूस नंतर बघू. दोनशे यार्ड कशाला, ते आधी सांग!''

नातवाला वाटतं, आजोबा विषय टाळताहेत. पण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच सुरू होतं.

गळा आवळलेलं आणि न आवळलेलं

काडतूस म्हणजे पितळेची एक छोटी नळी. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. यात दोन घराणी आहेत. एक सुरईसारखं: पोट जाड, वर गळा आवळलेला आणि त्या गळ्यात बारीक गोळी. दुसरं सरळ पेल्यासारखं: बुडापासून तोंडापर्यंत भिंत जवळजवळ सरळ, त्यामुळे गोळीही नळीइतकीच जाड.

फरक दिसायला एवढासा, पण परिणाम मोठा. सुरईत दारू भरपूर आणि गोळी बारीक, म्हणून ती वेगाने सुटते आणि दूरवर जवळपास सरळ रेषेत जाते. पेल्यातून जाडजूड, बोथट गोळी निघते. जवळ तिचा तडाखा जबरदस्त, पण हवा तिला लवकर अडवते. वेग उतरतो आणि गोळी जमिनीकडे झुकू लागते.

गंमत म्हणजे आजोबांच्या हातातली तीनशे पंधरा सुरईच्या घराण्यातली. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचं, आठ मिलिमीटरचं. ते हिंदुस्थानात कसं रुळलं, ही कथाही ऐकण्यासारखी आहे.

साहेबाचं काडतूस, सरकारची भीती

रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. सातपुड्यापासून महानदीपर्यंतच्या या जंगलांवर साहेब लोकांचा फार जीव. निमाडात डेप्युटी कमिशनर राहिलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथचं मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरचं पुस्तक १८७१ साली निघालं. शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या या विषयावर त्याने त्याआधीच, १८६२ साली, एक पुस्तक लिहिलं होतं. कुठल्या जनावराला कुठली गोळी, हा वाद इतका जुना आहे.

त्यानंतरचा काळ 'एक्सप्रेस' रायफलींचा. साडेचारशे, पाचशे, पाचशे सत्याहत्तर अशा बोअरची त्यांची काडतुसं बऱ्याचदा सरळ भिंतीचीच असत. पुढे धूर न करणारी दारू आली आणि १८९८ साली रिग्बी कंपनीने साडेचारशे बोअरचं नवं, ताकदवान काडतूस काढलं. तेही सरळ भिंतीचंच. मोठ्या शिकारीसाठी ते नावाजलं जात असतानाच माशी शिंकली. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना त्याच मापाची गोळी लागत असे. ती गोळी त्यांना मिळू नये, म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात साडेचारशे बोअरवर बंदी घातली. बंदूक बनवणाऱ्यांची धावपळ उडाली. चारशे पासष्ट, चारशे सत्तर, चारशे पंचाहत्तर ही पुढची मापं त्या बंदीतूनच जन्मली.

लष्कराची तीनशे तीनही सामान्य नागरिकाला वर्ज्य. मग लष्कराच्या काडतुसाशी न जुळणारं माप हवं, म्हणून तीनशे पंधरा इथे रुजली. स्वातंत्र्यानंतरही सरकारी कारखान्यांतून ती बनत राहिली. थोडक्यात, शिकारी कुठलं काडतूस वापरणार हे नेमबाजांइतकंच कायद्यानेही ठरवलं आहे. अमेरिकेतही वेगळं काही घडलेलं नाही.

मोजपट्टी कायद्याची

ओहायो, मिशिगनचा दक्षिण भाग, इंडियाना, आयोवा हा मुलूख बराचसा सपाट. मक्याची, सोयाबीनची शेतं आणि अधूनमधून घरं. गोळी अडवायला डोंगर नाही. उंच नळीने सुटलेली सुरईच्या काडतुसाची गोळी तीन-चार किलोमीटरवर जाऊन पडू शकते. तिथे कुणाचं अंगण असेल, कुणाची शाळा असेल. म्हणून अशा भागांत हरणासाठी वर्षानुवर्षं रायफलच नको, असा दंडक होता. शॉटगनमधून शिशाची एक जाड गोळी मारायची, नाहीतर तोंडाने ठासायची बंदूक वापरायची.

पण त्या बंदुकांचा दणका खांद्याला न सोसणारा आणि नेमही बेताचाच. म्हणून मधला मार्ग निघाला. ओहायोने आणि दक्षिण मिशिगनने २०१४ साली सरळ भिंतीच्या काडतुसांना मुभा दिली. मिशिगनने तर चक्क मोजपट्टी लावली: गोळी किमान .३५ इंच जाड आणि पितळी नळीची लांबी १.१६ ते १.८० इंच. मग कारखानदार त्या मोजपट्टीत बसणारी काडतुसं घडवू लागले. कायदा आधी, काडतूस नंतर!

दुकानदाराची नावं

नातवाच्या यादीतलं पहिलं नाव .३५० लेजंड. विंचेस्टरने २०१९ साली आणलेलं. दीडशे ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅमची गोळी सेकंदाला २३०० फुटांवर वेगाने सुटते. दणका सौम्य, त्यामुळे नवशिक्याला सोपं.

दुसरं .३६० बकहॅमर, रेमिंग्टनचं, २०२३ सालचं. १८० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २४०० फूट. जुन्या थाटाच्या, खालचा खटका ओढून भरायच्या लिव्हर रायफलीसाठी बनवलेलं. त्याच वर्षी आलेलं .४०० लेजंड या दोघांहून जाड, २१५ ग्रेनचं.

चौथं .४५० बुशमास्टर, २००७ सालापासूनचं. २५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २२०० फूट. तडाखा सगळ्यांत जबर आणि खांद्यालाही तो जाणवतो.

आणि घराण्यातला पणजोबा म्हणजे .४५-७०, १८७३ साली अमेरिकी लष्कराने घेतलेलं. त्याची नळी दोन इंचांहून लांब, म्हणून मिशिगनच्या त्या मोजपट्टीत ते बसत नव्हतं. जुन्या पद्धतीने भरलेली त्याची गोळी शंभर यार्डांवर नेम जुळवला, तर दोनशेवर दोन फुटांहून अधिक खाली येते.

यातलं निवडायचं कसं? ताकद बघून निवडायचं, ही सर्वसाधारण समजूत. पण चितळाएवढ्या हरणाला यातली चारही नवी काडतुसं पुरेशी आहेत. खरी कसोटी वेगळी: पंचवीस गोळ्या झाडल्यावरही डोळे न मिटता चाप दाबता येतो का? दणक्याला घाबरून आधीच दचकणारा हात सगळ्यांत महागड्या गोळीलाही वाकडं नेतो. म्हणून पहिल्यांदा शिकारीला निघालेल्यासाठी .३५० लेजंड हे शहाणपणाचं उत्तर. हाती लिव्हर रायफल असेल, तर .३६० बकहॅमर. बुशमास्टर मात्र खांदा तयार असलेल्यांनीच घ्यावं.

आणि राज्याचे नियम बदलत असतात. त्या हंगामाची सरकारी नियमपुस्तिका वाचल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नये.

नऊ इंचांचं गणित

आता आजोबांचा प्रश्न. दोनशे यार्ड म्हणजे सुमारे १८३ मीटर. .३५० लेजंडचा नेम शंभर यार्डांवर जुळवला, तर दोनशेवर गोळी सुमारे नऊ इंच खाली लागते. बाकीच्या तिघांचंही आठ ते दहा इंचांच्या आतबाहेरच. तीनशेवर घसरण तीन फुटांवर जाते!

हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसाची जागा साधारण एका ताटलीएवढी, आठेक इंचांची. तिच्या मध्यावर नेम धरला आणि गोळी नऊ इंच खाली गेली, तर ती लागते पायाला, नाहीतर मोकळी जाते. पाय मोडलेलं हरीण पडत नाही, पळतं. रात्रभर कुठेतरी झुडपात तडफडतं.

यावर उपाय आहे. नेम दीडशे यार्डांवर जुळवायचा. मग शंभरावर गोळी दोनेक इंच वर आणि दोनशेवर पाच-साडेपाच इंच खाली. दोनशेवर थोडं वर धरलं, की काम भागतं. पण कागदावर. मैदानात वारा असतो, धाप लागलेली असते, बोटं गारठलेली असतात आणि हरीण एक पाऊल पुढे टाकतं. म्हणून सरळ भिंतीच्या काडतुसासाठी दोनशे यार्ड ही वेस समजावी, रोजचा रस्ता नव्हे. दीडशेच्या आत जाता आलं, तर उत्तम. रेंजवर टेबलाचा आधार न घेता किती अंतरावरून ताटलीत दहापैकी दहा गोळ्या बसतात, ते मोजावं. तेच आपलं अंतर!

आजोबा हे आकडे ऐकत असतात. मग हळूच सांगतात, ''साठ-बासष्ट साल असेल. बाबांबरोबर गेलो होतो. चितळ लांब होतं. बाबा म्हणाले, थांब. मी नाही थांबलो. मागचा पाय मोडला. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरलो, सापडलं नाही. बाबा घरी येईस्तोवर एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मी बार काढला नाही रे.''

नातू गप्प.

आणि इथे?

इथे तर हा प्रश्नच उरलेला नाही. एके काळी परवाना काढून चितळ मारता येत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवानेच संपले. तसं करायला कारण होतं. आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली तीन चित्ते मारले. देशातले अखेरचे चित्ते म्हणून त्यांचीच नोंद झाली आणि १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. तो पुन्हा आणायला २०२२ साल उजाडलं, तेही आफ्रिकेतून. शेजारच्या कान्ह्याच्या जंगलात १९७० साली बारशिंगे उरले होते फक्त ६६. जपले म्हणून वाचले.

रायपूरपासून शंभरेक किलोमीटरवर बारनवापारा अभयारण्य आहे, १९७६ सालचं. चितळांचे कळप आजही तिथे दिसतात. छत्तीसगडच्या जंगलांत त्यांच्या जिवावर उठतात ते चोरटे: ठासणीची भरमार बंदूक, तारेचे फास आणि विजेच्या खांबावरून ओढलेली उघडी तार. त्या तारेला नेम नसतो, अंतर नसतं. तिने चितळ मरतं, हत्ती मरतो आणि पहाटे शेतावर निघालेला माणूसही मरतो.

कपाटातली रायफल

तेव्हा अशा घरांनी काय करावं? रायफलीचा परवाना चालू आहे का, हे आधी पाहावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवानाधारक वारला किंवा परवाना संपला, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. 'आजोबांची आठवण' म्हणून माळ्यावर ठेवणं हा गुन्हा ठरतो. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो.

दिवाणखान्यातल्या भिंतीवरची शिंगंही तशीच. २००३ साली सरकारने अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. मालकीचं प्रमाणपत्र असेल, तर कागद जपून ठेवावा. वारसाहक्काने ती पुढे जातात, पण विकता येत नाहीत. कागदच नसेल, तर वन खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारावं.

सुट्टी संपते. निघायच्या आदल्या दिवशी आजोबा आणि नातू दोघं मिळून पोलीस ठाण्यात जातात. रायफल जमा होते, पावती मिळते. परतताना आजोबा विचारतात, ''मग, काय ठरलं तुझं?''

''तीनशे पन्नास घेतो, आजोबा. आणि शंभराच्या पुढे नाही मारणार.''

''आणि नाहीच आलं शंभराच्या आत?''

''तर परत येईन.''

आजोबा पावतीची घडी घालून खिशात ठेवतात. ''चल, मग चहा पिऊ,'' म्हणतात.