विश्लेषण : फ्रिज विकायचा, पण घर कुणाला का दाखवायचे? विकेंद्रित जाहिरात मंचांवर ‘लोकेशन’ कसे असावे?

जुना फ्रिज विकायचा तर फोटो काढा, किंमत टाका, ‘लोकेशन’ला परवानगी द्या, की झाले काम. परवानगी देताना फारसे कुणी थबकत नाही. पलीकडे एक कंपनी असते, जाहिरात काढली की तिच्या पानावरून ती जाते आणि काही बिनसले तर निदान तक्रार करायला एक दार असते. पण आता कुणा एकाच्या मालकीचे नसलेले जाहिरात मंच आकार घेत आहेत. तिथे लोकेशनची हीच पद्धत उचलली तर ती अंगाशी येऊ शकते.

विकेंद्रित मंच म्हणजे काय?

ईमेलसारखी रचना. कुणाचे खाते कुठेही असो, पत्र पोहोचते. ‘फ्लोमार्क्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर मॅस्टोडॉनप्रमाणेच ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर चालते. कुणीही आपल्या शहरासाठी सर्व्हर उभारावा, शेजारच्या सर्व्हरशी जोडावा आणि जाहिरातींची देवाणघेवाण करावी. ‘नॉस्टर’ या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये छोट्या जाहिरातींसाठी वेगळा नमुनाच ठरलेला आहे. त्यात ठिकाणाचे नाव मोकळ्या मजकुरात लिहिता येते आणि त्याहून नेमके सांगायचे तर ‘जिओहॅश’ हा नकाशाचा कोड जोडता येतो.

मग अडचण कुठे?

पुसण्यात. विकेंद्रित मंचावर जाहिरात एकदा बाहेर पडली की तिच्या प्रती अनेक सर्व्हरवर जातात. ‘काढून टाका’ हा तिथे आदेश नसतो, विनंती असते. ती मानायची की नाही हे समोरच्या सर्व्हरवर अवलंबून. फ्रिज आठवड्यात विकला जाईल, पण घराचे अक्षांश-रेखांश कुठल्या तरी अनोळखी संगणकावर वर्षानुवर्षे पडून राहतील. त्याच खात्यावरून पुढे लहान मुलाची सायकल, मग दागिन्यांची पेटी विकायला आली की घरात कोण राहते याचा अंदाज बांधणे फार कठीण नाही. म्हणूनच इथला पहिला नियम कडक हवा : अचूक ठिकाण फोनच्या बाहेर पडताच कामा नये. फोटोच्या फाइलमध्ये दडलेले ठिकाणही ॲपने पाठवण्याआधीच काढून टाकावे.

‘फक्त अंतर दाखवू’ हा उपाय पुरेसा का नाही?

‘विक्रेता ८०० मीटरवर’ एवढेच दाखवले तर घर लपले, असे वाटते. ते लपत नाही. तीन वेगवेगळ्या जागांवरून तेच अंतर विचारले की तीन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे घर सापडते. टिंडर या डेटिंग ॲपमधली याच जातीची त्रुटी सुरक्षा संशोधकांनी २०१४ मध्ये उघड केली होती. दुसरी पळवाट म्हणजे प्रत्येक जाहिरातीचे ठिकाण थोडे इकडे-तिकडे सरकवणे. एका जाहिरातीपुरते ते चालेल, पण दहा जाहिरातींच्या दहा सरकवलेल्या ठिबक्यांची सरासरी काढली की पुन्हा घराच्या आसपासच पोहोचता येते.

जिओहॅशने नकाशाचे ठरावीक चौकोन पाडले जातात आणि त्या चौकोनात कुठेही असले तरी कोड तोच राहतो, त्यामुळे सरासरीची युक्ती चालत नाही. पाच अक्षरांचा कोड साधारण पाच किलोमीटर बाजूचा चौकोन दाखवतो, तर सहा अक्षरांचा जेमतेम सव्वा किलोमीटर लांब आणि ६०० मीटर रुंद. पण चौकोनाला माणसे दिसत नाहीत. दादरमध्ये ६०० मीटरच्या पट्ट्यात हजारो लोक राहतात. कोकणातल्या डोंगरउतारावर त्यात एखादी पाच-सहा घरांची वाडी असेल आणि ट्रॅक्टर तर एकाच दारात.

मग जाहिरातीवर लिहायचे काय?

नुसते नाव लिहिले तर घोळ. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव मावळही. हा घोळ टपाल खात्याला फार जुना. त्यावरचा तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. विकेंद्रित मंचांनी भारतात तरी तोच वापरावा. कारण पिनकोड माणसांच्या मागे जातो : शहरात त्याचा प्रदेश लहान, ग्रामीण भागात एका पिनकोडखाली अनेक गावे. वाडीतले घर तिथे आपोआप झाकले जाते.

मात्र आकडा आंधळेपणाने उचलू नये. ब्रिटनमध्ये पूर्ण पोस्टकोड सरासरी १५ पत्त्यांपुरता असतो, त्यामुळे तिथे त्याचा पहिला अर्धा भागच पुरे. आपल्याकडेही टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. त्यात देशाचे सुमारे चार मीटर बाजूचे चौकोन पाडले आहेत. रुग्णवाहिकेला तो वरदान आहे, पण फ्रिजच्या जाहिरातीवर तो म्हणजे दारावरची पाटीच.

खरेदीदाराला जवळचे कसे सापडणार?

या प्रश्नाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. ‘माझ्याजवळचे दाखवा’ म्हणताना खरेदीदारही स्वतःचे ठिकाण अनोळखी सर्व्हरला देतो. हे उलटे व्हावे. फोनने आसपासच्या सगळ्या पिनकोडांच्या जाहिराती मागवाव्यात आणि कोणती जवळची हे स्वतःच ठरवावे. देशात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. त्यांच्या मध्यबिंदूंची यादी मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही लहान होईल, ती ॲपमध्ये सहज मावते.

पण सरळ रेषेतले अंतर फसवे असते. वेसावे आणि मढ यांच्यामध्ये एक खाडी. होडीने काही मिनिटे, रस्त्याने मात्र मालाडवरून मोठा वळसा. वॉशिंग मशीन होडीतून कोण आणणार? म्हणून ‘कुठे भेटायचे’ हा वेगळा रकाना हवा : स्टेशन, एसटी स्थानक, बाजारपेठ. मुंबईकर तसाही पत्ता स्टेशनावरूनच सांगतो.

लोकेशन अचूक नसेल तर फसवणूक वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. पण खोटे लोकेशन दाखवणारी ॲप कुणालाही मिळतात, त्यामुळे नकाशावरचा ठिबका हा खरेपणाचा पुरावा कधीच नव्हता. फसवणुकीची खरी वाट वेगळी आहे : एकच जाहिरात पन्नास शहरांत टाकणे. एका कंपनीच्या मंचावर ते पकडायला कुणी तरी असते, इथे नसते. तेव्हा एका जाहिरातीला एकच ठिकाण, आणि स्थानिक सर्व्हरने आपल्या भागाबाहेरच्या जाहिराती सरळ नाकाराव्यात. क्रेगलिस्टही १९९५ मध्ये एकट्या सॅन फ्रान्सिस्कोपुरतीच सुरू झाली होती.

घराचा पत्ता शेवटी द्यावाच लागतो, फ्रिज काही चौकात आणून ठेवता येत नाही. तो सौदा ठरल्यावर, खासगी संदेशातून, ज्याला द्यायचा त्यालाच द्यावा. ॲपने त्यासाठी वेगळे बटण ठेवावे आणि ते आपोआप दाबले जाऊ नये.