गुमान थांबणारा शत्रू
परवा लोकलमध्ये शेजारचा तरुण मोबाइलवर लढाई लढत होता आणि चक्क विचार करत होता! खेळ होता ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’. १९९७ साली प्लेस्टेशनवर आलेला, २०११ मध्ये आयफोनवर पोचलेला. चौकोनी घरांच्या पटावर उंचवटा कुठे, शत्रूची पाठ कुणीकडे, हे हेरून आपली पाळी आली की वार करायचा. पडलेल्या गड्याला तीन फेऱ्यांत उठवलं नाही, तर तो कायमचा गेला. एवढं पणाला लागलेलं, तरी आईचा फोन आला की शत्रू जागच्या जागी गुमान उभा! घरी आपल्यासाठी इतकं कोण थांबतं? म्हणून सांगतो, फोनवर खेळायचंच तर असं पाळीपाळीने खेळा. अंगठे बडवायचे खेळ ज्यांचे त्यांना लखलाभ.