आनंद कोणत्या खात्यात?

रविवारी उपासना सुटली की आमच्या अंगणात चर्चा रंगते ती कोण आलं नाही, कोणाची वर्गणी थकली, पंचकमिटीत यंदा कोण येणार, याची. मीही त्या कमिटीत सहा वर्षं काढली. ‘आज देवाजवळ बसून बरं वाटलं का?’ असं आम्ही एकदाही कोणाला विचारलं नाही. हा प्रश्न सोडून बाकी सगळं सांभाळणारी मंडळी संस्था उत्तम चालवते. ख्रिस्ती जीवन मात्र तिच्या हातून निसटतं.

हा आनंद कोणी बाहेरून आणलेला नाही. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७०मध्ये त्यांचं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेलं. त्या पंथाच्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीतला पहिलाच प्रश्न माणसाच्या जगण्याच्या हेतूचा आहे. उत्तरात देवाच्या गौरवाला जोडूनच त्याच्या ठायी कायमचा आनंद घेणं येतं. आम्ही गौरव ठेवला, आनंद गाळला.

‘आनंद भरल्या पोटाचा,’ असं कोणी म्हणेल. पण पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते बंदिवासातून, आणि त्यात आनंदाची गोष्ट पुन्हापुन्हा येते. माझी आजी मोलमजुरी करायची. डब्यात तांदूळ नसला तरी पहाटे चूल पेटवताना गायची. आजोबा गेले त्या आठवड्यातही गायली, रडत रडत. नोकरी, व्हिसा, बरा झालेला आजार म्हणजेच आशीर्वाद, असं सांगणारे हल्लीचे प्रचारक तिला कळलेच नसते. देवाने काही दिलं म्हणून नव्हे, देव आपला आहे म्हणून ती सुखी होती.

दुसरे म्हणतात, टाळ-टाळ्या आपल्या नव्हेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. एवढा काळ लोटला, तरी कोणी डोळे मिटून डोलू लागला की मागच्या बाकावर कुजबुज होतेच.

शिस्त नको, हिशेब नको, असं मी म्हणत नाही. पण ज्याच्यासाठी घर बांधलं, त्याच्याच भेटीचा कंटाळा येत असेल, तर भिंतींना रंग देऊन काय उपयोग? येत्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला की मी उठून विचारणार आहे: वर्षभरात आपल्यापैकी किती जणांना देव आवडला? जमाखर्च जुळला, हे त्याचं उत्तर नव्हे.